संपातला पहिला पेपर

छावणीतल्या घरात सकाळ बिगुलानं व्हायची. लष्कराच्या मैदानावर तो वाजला, की पाठोपाठ दाजींच्या मशीनची पायपट्टी सुरू व्हायची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ते जवानांच्या वर्द्या शिवायचे. जाड खाकी कापडातून सुई जाताना मशीन कण्हल्यासारखा आवाज करायचं, आणि अस्तराचं कापड आलं की एकदम हलकं होऊन पळायला लागायचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही सगळे, आणि त्याच्याही मागं पत्र्याखाली अक्काची चूल. अक्काचा राग-लोभ मला तिच्या भाकरीवरून कळायचा. मन ठिकाणावर असलं की ती एका लयीत थापायची. बिनसलं असलं की दोनच थपडा जोरात बसायच्या आणि भाकरी तव्यावर आपटायची. दुपारी येसराची आमटी, रात्री ठेचा आणि ताक, आणि माझ्या डब्यात रोज धपाटे. पाच वर्षांत त्या डब्यात दुसरं काही आल्याचं आठवत नाही, आणि मी त्याबद्दल तक्रार केल्याचंही आठवत नाही.

आमचं गाव करमाड. मी तिसरीत असताना देवी आल्या. देवी गेल्या, पण जाताना डोळे घेऊन गेल्या. त्यानंतर वर्षभर मी घराच्या ओट्यावर बसून होतो. मग कुणीतरी वडिलांना शहरातल्या अंधशाळेचं सांगितलं, आणि मी तिथं ब्रेल शिकलो. मॅट्रिक झालो, अक्काच्या घरी राहून बी. ए. झालो, आणि तिथूनच विद्यापीठात इतिहासात एम. ए. करू लागलो. इतिहासाच्या एखाद्या जागेवर कॉलेजात शिकवायला लागायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जालन्याच्या एका कॉलेजात तशी जागा निघणार होती, आणि आमच्या विभागप्रमुखांनी तिथं माझं नाव सांगून ठेवलं होतं. अट एकच, त्या उन्हाळ्यात एम. ए. पूर्ण हवं.

एम. ए.ची पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती, आजही फारशी नसतील. ती कुणीतरी वाचून दाखवावी लागत. वर्गातली मुलं चांगली होती, पण त्यांना त्यांचा अभ्यास होता. सुरुवातीला मी ग्रंथालयाच्या दाराशी नुसता बसून राहायचो, कुणी रिकामं सापडतंय का याची वाट बघत. एक दिवस आतून एका जाडसर, तंबाखूच्या वासाच्या आवाजानं विचारलं, "मास्तर, रोज यहाँ बैठके क्या सुनते?" मी म्हटलं, पुस्तक वाचून दाखवणारं माणूस शोधतोय. "मराठी है क्या? फिर मैं पढ़ता ना."

हा इस्माईलचाचा. ग्रंथालयात मागच्या कपाटांतून पुस्तकं काढून आणायचं त्याचं काम. खुलताबादहून रोज एस. टी.नं यायचा. शाळा उर्दूतून झालेली, आणि पोलिस अ‍ॅक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचून वाचून मराठी शिकला होता. त्यामुळं तो मराठी अगदी जपून वाचायचा, एकेक अक्षर पारखून घेतल्यासारखं. मला ते फार सोयीचं होतं, कारण त्याच्या वाचण्याच्या वेगानं ठिपके उठवणारा माझा टोचा ब्रेलपाटीवर बरोबर चालायचा. रोज जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही बसायचो. माझे धपाटे तो खायचा, त्याच्या डब्यातला खिमा मी खायचो. अक्काला हे मी सांगितलं नव्हतं. मध्येच एखाद्या फर्मानाचा मजकूर आला की तो थांबायचा. "मास्तर, ये लिखनेवाले को फारसी आती नै," म्हणायचा, आणि तो शब्द खरा कसा आहे ते सांगायचा. मी पाटीवर दोन्ही टोचून ठेवायचो. पुढं तोंडी परीक्षेत त्याच शब्दांवर मला शाबासकी मिळाली. ती खरं तर त्याची होती.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला दोन महिने असताना विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांनी संप केला. प्राध्यापक त्यात नव्हते. कारकून, शिपाई, माळी, प्रयोगशाळांतली माणसं, असे सगळे होते. मागण्या बऱ्याच होत्या, पण मुख्य मागणी एकच, वर्षानुवर्षं हंगामी म्हणून राबवलेल्या माणसांना कायम करा. इस्माईलचाचा अकरा वर्षं हंगामी होता. दर काही महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं कामावर घ्यायचे. हे मला संप झाल्यावर कळलं. दीड वर्ष रोज ज्याच्या शेजारी बसलो, त्याची नोकरी कशी आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पहिले आठ दिवस मुलांना सुट्टीच वाटली. वसतिगृहातली निम्मी पोरं गावी गेली. मग हळूहळू लक्षात यायला लागलं, की विद्यापीठ नावाची गोष्ट प्राध्यापकांपेक्षा या माणसांवर जास्त चालते. ग्रंथालयाला कुलूप. शिष्यवृत्तीचे कागद अडकले, दाखले अडकले. रसायनशास्त्राची मुलं प्रयोगशाळेच्या बंद दाराशी बसून गाणी म्हणायची. गावी गेलेल्या काही मुली परत आल्याच नाहीत. घरच्यांना निमित्त मिळालं आणि त्यांची लग्नं लावून दिली गेली. आमच्या वर्गात दोघी होत्या, त्यातली एक अशी गेली. पुढं संपाच्या बातम्या ऐकताना मला त्या मुलीची आठवण यायची. तिचं नाव कुठल्याच नुकसानीच्या यादीत आलं नाही.

मी मात्र रोज जात राहिलो. दाजी सायकलवर पुढं बसवून मला गेटापर्यंत सोडायचे. गेटाबाहेर संपकऱ्यांचा मांडव होता. पालाची फडफड, घोषणा, मध्येच भजन, मध्येच कव्वाली. इस्माईलचाचा तिथंच बसलेला असायचा. आमच्या एका सरांनी त्यांच्या घरातलं पुस्तक मला दिलं होतं, ते मी चाचाच्या हातात ठेवलं. तो मांडवाच्या कोपऱ्यात वाचू लागला आणि मी टोचू लागलो. दोन दिवस गेले. आजूबाजूची माणसंही ऐकायला लागली. तिसऱ्या दिवशी आमच्यासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. कोल्हापुरी चपलांचा करकर आवाज मी ओळखला. ते जाधव. परीक्षा विभागातले कारकून आणि संपाचे पुढारी.

"इस्माईलभाई, हे बंद करा."

"क्यों? ये मेरा काम थोड़ी है? रजिस्टर में कहाँ लिखा है?"

"रजिस्टरात नसंल. पण उद्या कुलगुरू म्हणतील, ग्रंथालय बंद आहे तरी पोरांचं अडत नाही. मग आपण इथं उन्हात कशाला बसलोय?" मग ते माझ्याकडं वळले. आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही. "तुमच्याशी खोटं बोलत नाही. तुमचं नुकसान झालं नाही, तर आमच्याकडं बघायला कुणाला सवड आहे? अकरा वर्षं हा माणूस अर्ज करतोय. एकाचं तरी उत्तर आलं का, विचारा त्याला."

मी विचारलं नाही. पाटी पिशवीत घातली. चाचानं पुस्तक मिटलेलं मला ऐकू आलं. जाधवांचं ते बोलणं मी कितीतरी वर्षं मनात घोळवलं. ते क्रूर होतं, आणि खरं होतं. त्या दिवशी मला फक्त पहिली गोष्ट कळली.

परीक्षा पुढं जाणार असं सगळे धरून चालले होते. पण ती गेली नाही. प्राध्यापकांना आणि बाहेरच्या माणसांना हाताशी धरून ठरलेल्या दिवशीच घ्यायची, असं विद्यापीठानं जाहीर केलं. प्रवेशपत्रं निघालीच नव्हती, फीच्या पावतीवर बसवणार होते. इतरांचं त्यावर भागलं. मला आणखी एक कागद लागायचा. मी सांगणार आणि दुसरा कुणी लिहिणार, त्या लिहिणाऱ्याला, म्हणजे लेखनिकाला परवानगी दिल्याचं पत्र. ते परीक्षा विभागातून निघायचं, त्यावर शिक्का लागायचा, आणि शिक्का मारणारा हात जाधवांचा होता. माझा लेखनिक ठरलेला होता. दाजींचा पुतण्या सुधीर, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. आदल्या वर्षीही त्यानंच लिहिलं होतं.

पेपरच्या दोन दिवस आधी अक्का म्हणाली, "चल, म्या येते." पदर खोचून ती माझ्या हाताला धरून मांडवात शिरली. इतक्या बापयांत ती कधी बोलली नव्हती.

"जाधव कोण हाय?"

"मी, ताई. बसा."

"बसायला नाय आले. माझ्या भावाला एक कागद पायजेल. त्याला दिसत नाय, तुमास्नी दिसतंय ना? एक शिक्का मारून द्या. कुणाला कळणार बी नाय."

"मला कळंल ना, ताई." जाधव हळू बोलत होते. "हितं तीनशे माणसं बसलीत. कुणाची पोरगी आजारी, कुणाच्या घरी चूल नाही. प्रत्येकाचं एकेक काम अडलंय आत. मी उठून गेलो, तर उद्या सगळेच उठतील."

"मंग याचं वरीस गेलं तर?"

"गेलं तर माझ्यामुळं गेलं. नाही म्हणत नाही मी."

अक्काला असं उत्तर अपेक्षित नव्हतं. माणूस भांडेल, ओरडेल, मग आपणही ओरडू, अशा तयारीनं ती आली होती. तिनं मोहरा फिरवला. "अन् तुमी हो चाचा? रोज याच्याजवळ बसत होता म्हणं. तुमी तरी बोला की."

चाचा उठून आमच्याजवळ आला. मग म्हणाला, "बेटी, ये सब मेरे जैसों के वास्ते बैठे हैं. मैं कैसा बोलूँ?"

त्या रात्री तिच्या भाकरीला दोनच थपडा बसल्या.

विभागप्रमुखांचं साधं पत्र घेऊन मी आणि सुधीर पेपरच्या दिवशी हॉलवर गेलो. केंद्रावरच्या सरांनी ते वाचलं, दुसऱ्या सरांना दाखवलं, परत वाचलं. "यावर परीक्षा विभागाचा शिक्का नाही. तुम्हाला बसायचं तर एकट्यानं बसा. लेखनिकाला आत घेता येणार नाही." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना भीती होती, की नंतर कुणीतरी विचारेल. सुधीर रडवेला झाला. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी हात पुढं केला आणि म्हटलं, "तुझं पेन दे."

तिसरीपर्यंत शिकलेली अक्षरं माझ्या हातात होती. चौदा-पंधरा वर्षं मी ती काढली नव्हती, पण अधूनमधून झोप येईना झाली की चादरीवर बोटानं गिरवायचो, विसरू नयेत म्हणून. पर्यवेक्षक म्हणून बाहेरून आणलेले कुणी म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी प्रश्नपत्रिका मला एकदा वाचून दाखवली आणि खुर्चीत जाऊन बसले. मी ती प्रश्नपत्रिका दुमडली, दुमडलेली कड पानावर आडवी धरली आणि कडेला लागून लिहीत गेलो. ओळ संपली की कड दोन बोटं खाली. काना, मात्रा, वेलांटी. पहिलं पान भरायला बहुधा वीस मिनिटं लागली. मग हात सरावला. दख्खनच्या सुलतानांची महसूल व्यवस्था मी लिहीत होतो, चाचानं सुधारून दिलेल्या शब्दांसकट. आजूबाजूला तीस-चाळीस पेनांची कुरकुर चालू होती आणि त्यात माझंही एक होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी इतर मुलांसारखा परीक्षेला बसलो होतो, मध्ये कुणी दुसरा नाही. ते तीन तास मी फार सुखात होतो. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढं जे झालं त्यानं ते सुख खोटं ठरत नाही.

मध्येच कधीतरी पेनाचा आवाज बदलला. जरा कोरडा, जरा खरखरीत झाला. मला तो ऐकू आला होता. मला वाटलं, कागद बदलला असेल.

घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, सतरा पानं लिहिली. दाजींनी मशीन थांबवून माझा हात हातात घेतला आणि बोटांवरची शाई बघून हसले. अक्कानं गुळाच्या पोळ्या केल्या. दोन दिवसांनी संप मिटला. मागण्या मान्य झाल्या, मांडव उठला. उरलेल्या तीन पेपरांना शिक्क्याचं पत्र मिळालं, सुधीर आत आला, आणि मी नेहमीसारखं सांगत गेलो, तो लिहीत गेला. खरं सांगायचं तर ते मला जरा मिळमिळीत वाटलं.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी दुकानाच्या पायरीवर कोल्हापुरी चपला करकरल्या. अक्कानं आतून विचारलं, "कोण हाय?" मी म्हणालो, "जाधव आहेत."

ते आत येऊन बसले. पाणी नको म्हणाले. "मी सांगतोय हे नियमात बसत नाही," त्यांनी सुरुवात केली. "चार दिवस विचार केला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावताना तुमची हातात आली. अक्षरावरून कळलं." ते पुढं सरकले. "सहाव्या पानाच्या चौथ्या ओळीनंतर काही नाही."

"नाही म्हणजे?"

"शाई नाही. पेनातली शाई संपली होती. पुढची अकरा पानं कोरी आहेत. म्हणजे अगदी कोरी नाहीत. निबाचे ओरखडे आहेत. खिडकीशी तिरपी धरून मी काही ओळी वाचल्या. चांगलं लिहिलंय तुम्ही. पण तपासणारा असं वाचत बसणार नाही. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले, शाईत नाही ते लिहिलेलंच नाही."

मशीन बंद होतं. बाहेरून पाव विकणारा गेला. मला त्या क्षणी जाधवांचं काहीच वाटलं नाही, वर्षाचंही नाही. त्या म्हाताऱ्या पर्यवेक्षकांचं वाटलं. तीन तासांत ते एकदा तरी माझ्या बाकाजवळून गेले असतील. वर्तमानपत्र वाचत असतील बहुधा. खरे कर्मचारी असते तर कदाचित कुणी थांबून बघितलं असतं, कदाचित नसतंही.

"तुम्ही इतकं सांगायला का आलात?" मी विचारलं.

"निकालात कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तपासणाऱ्यानं अन्याय केला. अन्याय कुणी केला ते तुम्हाला माहीत असावं." ते उठले. अक्का दारात उभी होती. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलणार. तिनं नुसती वाट दिली.

नंतर अक्कानं आणि मी ठरवलं, शाईचं सुधीरला सांगायचं नाही. पेनात शाई किती आहे हे त्या पोरानं बघितलं नव्हतं, आणि का बघावं? आज तो आजोबा आहे, पुण्यात असतो. हे त्याच्या वाचनात आलं, तर त्याला पहिल्यांदाच कळेल. सुधीर, पेन तुझं होतं, पण मागून मी घेतलं होतं.

निकाल तसाच लागला. तीन पेपरांत चांगले गुण, एकात नापास. जालन्याची जागा दुसऱ्याला मिळाली, आणि तो माणूस चांगला शिकवायचा असं पुढं ऐकलं. वर्षभर काय करायचं म्हणून शहरातल्या एका सरकारी कचेरीत मी टेलिफोन ऑपरेटर झालो. पुढच्या उन्हाळ्यात तो पेपर देऊन एम. ए. झालो, पण तोवर जागा भरल्या होत्या, आणि माझं लग्न ठरत होतं. एका वर्षासाठी धरलेल्या त्या खुर्चीवर मी एकतीस वर्षं बसलो. लोक म्हणतात, संपानं तुमचं आयुष्य बदललं. बदललं खरं. वाईट झालं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. मी शिकवण्यात कसा निघालो असतो, हे मला कधी कळलंच नाही.

निकालानंतर इस्माईलचाचा बरेच दिवस भेटला नाही. मी ग्रंथालयात जात नव्हतो, आणि तो छावणीत यायचा प्रश्न नव्हता. पावसाळ्याच्या अखेरीस एक दिवस तो आला. दुकानाच्या पायरीशीच उभा राहिला. तंबाखूचा वास मला आधी आला. दाजींनी "या" म्हटलं तरी आत येईना. अक्का बाहेर आली. मला धास्ती वाटली, कारण संपाचं नाव निघालं की तिच्या जिभेला धार यायची.

"उभे का हाय?" ती म्हणाली. "बसा. धपाटे केलेत. तुमास्नी आवडत्यात ना? डबा रिकामा येत होता, मला काय कळत नव्हतं व्हय?"

चाचा बसला. बराच वेळ खाण्याचाच आवाज. मग खिशातून कागद काढल्याची चुरचुर झाली. घडी इतक्या वेळा घातलेली असावी, की कागद फडक्यासारखा मऊ वाजला.

"मास्तर, ये आया. घर में सबको दिखाया. तुमको दिखाने में शरम लग रही थी."

"दाखवू नका," मी म्हणालो. "वाचा."

तो घसा साफ करून वाचू लागला, पायऱ्यांवर वाचायचा तसंच, एकेक अक्षर पारखत. विद्यापीठ ग्रंथालयातील हंगामी सेवक इस्माईलखान यांना या आदेशान्वये सेवेत कायम करण्यात येत आहे. 'आदेशान्वये'वर तो अडला, 'कायम'वर आवाज फुटला. दाजींनी मशीनवरचा पाय काढला होता. अक्का दारापाशी उभी होती, तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या.

"परत एकदा वाचा, चाचा," मी म्हणालो.

त्यानं वाचलं. या वेळी तो कुठंच अडला नाही.